भाडेपट्ट्याचा मुराळी

आमच्या शिवमळा सोसायटीच्या वार्षिक सभेत मी चहा घ्यायला उठलो आणि परत येऊन बसेपर्यंत जमिनीचा भाडेपट्टा वाढवून आणण्याची जबाबदारी माझ्यावर आलेली होती. ठराव मंजूर, टाळ्या वाजलेल्या, इतिवृत्तात नावही गेलेलं. सूचक आमचे चेअरमन योगेशराव, अनुमोदक तिसऱ्या मजल्यावरच्या मोहिनीताई. "तुम्ही पाटबंधारे खात्यात होता ना, कागदपत्रांची सवय तुम्हालाच," असं चेअरमन म्हणाले. एकतीस वर्षं मी कालव्याच्या पाणीपाळ्यांची रजिस्टरं लिहिली. त्याचा आणि भाडेपट्ट्याचा काय संबंध, हे विचारायचं मला सुचलं तेव्हा सभा संपून सगळे लिफ्टपाशी पोचले होते.

भानगड अशी, की आमची इमारत आमची आहे, पण खालची जमीन आमची नाही. नाशिकच्या द्वारका चौकापासून दहा मिनिटांवरचा हा तुकडा म्हणजे सावळीराम बोराड्यांचा मळा. त्यांनी तो शहाण्णव साली तीस वर्षांच्या पट्ट्याने बिल्डरला दिला. फ्लॅट घेताना मी ते तीस वर्षांचं कलम वाचून जरा घुटमळलो होतो, तेव्हा बिल्डर हसून म्हणाला होता, "तीस वर्षं म्हणजे काय साहेब, जन्म जातो!" जन्म गेला नाही. तीस वर्षं मात्र गेली. आणि त्याच करारात पुढे असंही लिहिलेलं होतं, की यंदाच्या तीस एप्रिलपर्यंत मालकाच्या सर्व वारसांच्या सहीने पट्टा वाढवला नाही, तर जमीन 'तीवरील बांधकामासह' मूळ मालकाकडे परत जाईल. तीवरील बांधकाम म्हणजे माझा हॉल, माझं स्वयंपाकघर आणि माझ्या बायकोने, उज्वलाने, हट्टाने बसवून घेतलेला हिरव्या फरशीचा ओटा. ह्या घराशिवाय आम्हा दोघांकडे जगात दुसरं काही नाही.

सुरुवात मी नियमाप्रमाणे तलाठी कार्यालयापासून केली. तिथे कळलं की सरकारदप्तरी आमच्या चार मजली इमारतीचा पत्ताच नाही. उताऱ्यावर एक विहीर, दोन आंबे आणि 'पड' असा शेरा.

"जागेवर इमारत असल्याचा पुरावा आणा," कारकून म्हणाला.

"अहो, मी स्वतः तिथे राहतो."

"ते तोंडी झालं."

चार खेपा, इमारतीचे सहा बाजूंनी फोटो आणि एक पंचनामा एवढं झाल्यावर आम्ही सोळा कुटुंबं कागदावर अस्तित्वात आलो. ते दोन आंबे मात्र अजून उताऱ्यावर आहेत. ते काढायचे तर वेगळा अर्ज लागतो, आणि माझी शक्ती संपली होती.

मग सोसायटीच्या वकील स्नेहल मॅडमनी वारस शोधले. सावळीरामांना तीन मुलं. थोरली बयाबाई, तिने पूर्वीच हक्कसोड करून आपला वाटा भावाला लिहून दिलेला. मधली कुसाबाई, कळवणला दिलेली. धाकटा खंडेराव, ज्याचं द्वारकेला मोटारपंपांचं दुकान. म्हणजे सह्या दोनच. "एका आठवड्याचं काम आहे," मॅडम म्हणाल्या. वकिलांनी आठवडा म्हटलं की मी पूर्वी खूश व्हायचो.

खंडेराव सत्तरीचे, पांढरीशुभ्र टोपी, बोलायला मोकळे. चहा मागवला. पट्टा वाढवायला त्यांची काडीची हरकत नव्हती.

"माझी सही? पेन काढा साहेब, आत्ता देतो. पण आधी कुसाची आणा. तिनं हक्कसोडवर सही केली नाय म्हणून अकरा वर्षं झाली आमचं बोलणं बंद आहे. थोरलीनं मुकाट्यानं केली, हिलाच काय झालं होतं? मी काय तिच्या दारात जाणार नाय. आणि तिच्या आधी सही करून बसलो, तर भावकी म्हणेल खंडू वाकला."

हे मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकताच सल्ल्यांचा पूर आला. चेअरमन म्हणाले, "भावनिक पातळीवर हाताळा." दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, थेट कलेक्टरला भेटा, आणि त्यांचा कलेक्टरशी काहीएक परिचय नव्हता. मोहिनीताईंनी गुरुवारी जा, पण पिवळा शर्ट घालून जा, असं सांगितलं. माझ्याकडे पिवळा शर्ट नाही हे कळवल्यावर त्यांनी त्यांच्या यजमानांचा पाठवला, तो मला पोटावर बसेना. ह्या सगळ्यात कामाचं बोलली ती फक्त उज्वला. "अहो, सही मागायला जाताय त्या बाईकडे, रिकाम्या हाताने जाऊ नका. एक साडी न्या." साडी तिनेच निवडली. त्या साडीने पुढे काय होणार आहे ह्याची तिलाही कल्पना नव्हती आणि मला तर कधीच कसलीच नसते.

एप्रिलचं ऊन, माझी जुनी अल्टो, आणि शेजारच्या सीटवर साडीची आणि भाडेपट्ट्याच्या मसुद्याची पिशवी, असा मी कळवणला पोचलो. कुसाबाई ओसरीवर गहू पाखडत बसल्या होत्या. शहात्तरीच्या, ताठ, सुपाची लय जराही न मोडता त्यांनी मला वरून खाली पाहिलं.

"कोन गावचे?"

"नाशिकचा. तुमच्या वडिलांच्या मळ्यात राहतो मी."

सूप थांबलं.

"मळ्यात? आमच्या मळ्यात?" त्या उठल्या. पाणी आलं, गूळ आला, घोंगडी अंथरली गेली. विहीर हाय का, आंबे हायेत का, असं त्या विचारत राहिल्या. आंबे कागदावर आहेत, असं मी म्हणालो. मसुदा काढायची वेळ आली असं वाटून मी पिशवीत हात घातला, तर हाताला आधी साडी लागली. ती मी पुढे केली आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "या ना आक्का आमच्याकडे. तुमचंच घर आहे."

आता हे वाक्य मी आयुष्यात हजारदा उच्चारलेलं आहे. नाशिकमध्ये ते जिन्यात, दार लोटता लोटता म्हणायचं असतं, आणि ऐकणाऱ्यानेही "हो, येऊ ना" म्हणून खाली उतरायचं असतं. त्यावरून आजवर कोणी कोणाच्या घरी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण कुसाबाईंनी साडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि त्यांचे डोळे भरून आले. शेजारच्या ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, "अगं ये, कुसाआक्काला मुराळी आला गं!"

मला मुराळी हा शब्द माहीत होता. सासरी असलेल्या लेकीला सणासाठी माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. माहीत नव्हतं ते एवढंच, की आठ दिवसांवर अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे सराफांच्या जाहिराती. कळवण भागात तिला आखाजी म्हणतात आणि त्या सणाला गावातल्या झाडून साऱ्या सुना माहेरी जातात. अकरा वर्षं कुसाबाई तेवढ्या गेल्या नव्हत्या, कारण न्यायला कोणी आलं नव्हतं. आणि आता ऐन आखाजीच्या तोंडावर एक माणूस त्यांच्या बापाच्या मळ्यातून, साडी घेऊन, मोटार घेऊन आला होता.

"आक्का, मी काय म्हणत होतो..." असं मी तीनदा म्हणालो. तोवर गल्ली जमली होती. कोणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. कोणीतरी डिकीत कांद्याची गोणी टाकली. दहा मिनिटांत आक्का नवी साडी नेसून, पत्र्याची पेटी घेऊन गाडीशी उभ्या. दिराचा मुलगा आणि त्याची बायको पाया पडले. मघाची म्हातारी मला म्हणाली, "लय पुण्य लागंल बाबा तुला. दर आखाजीला रस्त्याकडं बघत बसायची ती." त्यानंतर, मी आपलं सहज म्हणालो होतो, हे सांगायला जो माणूस धजेल त्याला माझा नमस्कार. मी गाडीचं दार उघडलं.

वणीला चहाला थांबलो तेव्हा उज्वलाला फोन केला.

"सही मिळाली का?"

"बाईच मिळाल्या. घेऊन येतोय."

मग तिने विचारलं, "किती दिवस?" मी रेंज नसल्याचं सांगितलं.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर. आक्का हॉलमध्ये आल्या, चारी भिंतींकडे पाहिलं, खिडकीतून सूर्याचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "हितं आपला गोठा व्हता." माझी आरामखुर्ची होती तिथे पाखऱ्या नावाचा बैल बांधायचे म्हणे. पुढचे आठ दिवस मी त्या खुर्चीत पेपर वाचत बसलो, की आक्का माझ्याकडे अत्यंत मायेने बघत. एकदा त्यांनी मला न विचारता पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. माणसाचा मान कशाकशाने जाऊ शकतो, हे मला साठी उलटल्यावर कळत होतं.

सगळी इमारत कामाला लागली. चेअरमन सकाळ-संध्याकाळ पाया पडून जात. मोहिनीताईंनी ओट्सची खीर आणली, ती आक्कांनी खाल्ली आणि दिवसभर पोट धरून बसल्या, तेव्हा सोळा घरांमध्ये सुतकाची कळा पसरली. चेअरमननी स्वतःच्या गाडीतून डॉक्टर आणला. त्यांच्या स्वतःच्या आईसाठी त्यांनी कधी रिक्षा बोलावलेली मी पाहिली नाही. आक्का मात्र दुसऱ्या दिवसापासून खडखडीत. रोज एकेका मजल्यावर जात, कुठल्या घराखाली लसणाचा वाफा होता ते सांगत, आणि ज्यांच्या घराखाली उकिरडा निघाला त्यांना वाईट वाटू नये म्हणून, "पन लय चांगलं खत व्हायचं," असं म्हणत.

आणि कागदाचं? कागदाचं नावही काढायचं नाही, अशी स्नेहल मॅडमची सक्त ताकीद होती. "दबावाखाली सही घेतली असं उद्या कोणी म्हणता कामा नये. विषय त्यांच्याकडून निघू दे." विषय निघत नव्हता. एकदा चेअरमननी न राहवून विचारलं, "आक्का, तुम्ही सही करता की अंगठा?" आक्का म्हणाल्या, "सातवी पास हाय मी," आणि पुन्हा लसणाकडे वळल्या. तीस एप्रिल जवळ येत होता. मी मसुदा उशाशी घेऊन झोपू लागलो होतो.

अशात खंडेरावांचा फोन आला. आवाज चढलेला.

"साहेब, तुम्ही कोण हो माझ्या बहिणीला माहेरी आणणारे? अख्खी भावकी हसतेय मला. म्हणे खंडूला जमलं नाय ते भाडेकऱ्यानं केलं! आता माझी सही विसरा. तुमचा पट्टा गेला, तुमची बिल्डिंग गेली."

म्हणजे जी सही खिशात होती ती गेली आणि जिच्यासाठी गेली ती अजून आलेली नव्हती. मी फोन ठेवून पाखऱ्याच्या जागेवर बसलो. मला खरोखरच रडू येत होतं. उज्वलाने चहा दिला आणि हळूच विचारलं, "आपण कुठे जायचं मग?" तिचा आवाज ऐकून मला जास्त वाईट वाटलं. कळवणला जाऊन राहू, तिथे आपली ओळख झाली आहे, असं मी म्हणालो, पण ती हसली नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी फाटकात एक जीप थांबली आणि तिच्यातून आक्कांच्या चार लेकी उतरल्या. आखाजीला लेकी आईकडे येतात, आई इथे, म्हणून त्या इथे. त्या सरळ मला "मामा" म्हणू लागल्या. मामा म्हटल्यावर चार साड्या आल्या. पार्किंगच्या लोखंडी तुळईला झोका बांधायचा ठरला, तर बरोबर खाली चेअरमनची नवी गाडी. ती त्यांनी हसत हसत रस्त्यावर नेऊन लावली आणि संध्याकाळी ती वाहतूक शाखेने उचलून नेली. आमच्या स्वयंपाकघरात सोळा घरांच्या पुरणाला पुरेल एवढी डाळ शिजत होती. मी पाटावर, पालथ्या परातीवर, जिथे जागा मिळेल तिथे बसत होतो आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी मला, "मामा, जरा सरका," म्हणत होतं.

सणाच्या दिवशी अकराच्या सुमाराला फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. खंडेराव आले होते. हातात पिशवी, पिशवीत साडी. आणि आमच्या वॉचमनने त्यांना अडवलेलं. नाव, गाव, कोणाकडे आलात, येण्याचं कारण, आणि इथे सही करा.

"माझ्या मळ्यात यायला माझी सही?" खंडेराव ओरडले.

"सगळ्यांनाच करावी लागते, बाबा," वॉचमन म्हणाला.

मी धावत जाईपर्यंत त्यांनी रागारागाने रजिस्टर ओढून सही ठोकली होती. तीन महिन्यांच्या खटपटीनंतर सोसायटीला त्यांची मिळालेली पहिली सही ती.

आक्का झोक्यावर बसलेल्या. त्यांनी भावाला पाहिलं, पण झोका थांबवला नाही.

"कोन हाय?"

"मी खंडू."

"उशीर केला रे. मला माझा भाऊ घेऊन आला." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटण्याचे प्रसंग येतात. पण आमच्या खालच्या धरणीचाच वाद चालू होता. खंडेराव माझ्याकडे बघत होते, चार भाच्या त्यांच्याकडे बघत होत्या, गॅलऱ्यांमधून सोळा कुटुंबं आम्हा सगळ्यांकडे बघत होती. खंडेरावांनी पिशवी खाली ठेवली. टोपी काढली, परत घातली. मग पुढे झाले आणि झोक्याच्या दोरीला हात घालून त्यांनी एक झोका दिला. मग दुसरा. आक्कांनी पदर तोंडाला लावला. मोहिनीताई वरून टाळ्या वाजवायला लागल्या, त्यांना कोणीतरी आत ओढलं.

दुपारी खंडेराव माझ्या हॉलमध्ये मांडी घालून सात पुरणपोळ्या जेवले. गव्हाण कुठल्या भिंतीला होती ह्यावरून बहीणभावांची कडाक्याची जुंपली. पाखऱ्याच्या जागेबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. हात धुताना खंडेराव मला म्हणाले, "परवा जाऊ रजिस्टरकडे. दोघंबी येतो." मी उज्वलाला ही बातमी दिली तेव्हा ती हिरव्या ओट्यावरून हात फिरवत उभी राहिली.

रजिस्ट्रार कचेरीत आमचा टोकन क्रमांक सत्तेचाळीस. सर्व्हर दोनदा बंद पडला, एकदा वीज गेली, पण मला कशाचंच काही वाटत नव्हतं. खंडेरावांनी सही केली. मग कागद आक्कांपुढे आला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सातवी पासचा मला पहिल्यांदाच राग आला.

"किती वर्साचा हाय ह्यो?"

"तीस वर्षांचा, आक्का."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तीस वर्सं नगं. एका वर्साचा कर."

मला आधी नीट ऐकू आलं नाही. स्नेहल मॅडम समजावू लागल्या, तशा आक्का माझ्याकडे वळल्या.

"बयाआक्कानं सही केली ना रे, त्या सालापासून तिला कोनी आखाजीला बोलावलं नाय. भाऊबीज नाय, काय नाय. मरंपत्तुर बोलावलं नाय. माझी सही बाकी हाय म्हून तू उन्हातान्हाचा कळवनला आला. म्हून हा खंडू फाटकाशी आला. तीस वर्साची सही एकदम देऊन टाकली, तर मला न्यायाला कोन येईल?"

खंडेराव फरशीकडे बघत होते. मला राग आला होता, फार आला होता. सोळा कुटुंबांची घरं, तीन महिन्यांच्या खेपा, माझी झोप, सगळं ह्या बाईने एका वर्षावर आणून ठेवलं होतं. आणि त्याच वेळी तिचं खरं आहे हेही मला दिसत होतं. तीस वर्षांचा कागद हातात पडला असता, तर मी पुन्हा कळवणचं तोंड पाहिलं नसतं. "या ना आमच्याकडे" असं फोनवर म्हणालो असतो, आणि तेही रेंज असती तर.

"लवकर ठरवा," कारकून म्हणाला, "सर्व्हर चालू आहे तोवर."

बरोबर आलेल्या चेअरमननी माझ्याकडे न बघता मान डोलावली. तीसचा एक करून कागद पुन्हा छापला गेला. खंडेरावांनी पुन्हा सही केली, मग आक्कांनी वळणदार अक्षरात.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. पुढच्या एप्रिलला पुन्हा हे सगळं. आणि त्याच्या पुढच्या. मी बासष्ट वर्षांचा. आक्का शेजारी येऊन टेकल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"जीवाला घोर लावू नको दादा. मी काय जल्मभर पुरनार नाय तुला. माझ्या माघारी ह्या चौघींची नावं लागतील कागदाला. चौघींच्या चार सह्या. एक हरसूलला दिलीय, दोघी सटान्याला, एक देवळ्याला."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय," आक्का म्हणाल्या, "गाडी मोठी घे."